माणसे मोजली, नाती राहिली

बडोद्याच्या फतेगंज भागात, टपाल कचेरीच्या समोर, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा आहे. विद्यापीठ स्थापन झाले १९४९ साली आणि ही शाखाही त्याच सुमारास सुरू झाली. आजूबाजूला विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या, खाणावळी, जुन्या छावणीच्या काळापासूनची ख्रिस्ती घरे. हिंदू आणि मुसलमान, गुजराती आणि मराठी सारे हाकेच्या अंतरावर. समाजाच्या अभ्यासकाला दाराबाहेर पाऊल टाकताच विषय सापडावा, अशी ही जागा.

अशा जागी बसून पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी संशोधनाचा आराखडा लिहावयास घेतो, तेव्हा लेखणीतून बहुधा काय उतरते? 'अमुक वस्तीतील रहिवाशांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास.' नमुना शंभर जणांचा. प्रश्नावलीत वय, लिंग, धर्म, जात, शिक्षण, मासिक उत्पन्न, घर पक्के की कच्चे. मग टक्केवारीचे तक्ते, रंगीत आलेख आणि शेवटी शिक्षणाचा प्रसार व्हावा, रोजगार वाढावा, शासनाने लक्ष घालावे, अशा शिफारशी. या शिफारशी सर्वेक्षणापूर्वीही ठाऊक होत्या आणि नंतरही कोणी वाचत नाही. हे चित्र एकट्या फतेगंजचे नव्हे. पणजीपासून नागपुरापर्यंत विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असे बांधीव प्रबंध फळ्यांवर धूळ खात आहेत, आणि प्रत्येकामागे एका मुलाची वा मुलीची वर्ष-दोन वर्षांची पायपीट आहे, हे विसरता येत नाही.

या प्रबंधांत माणसे मोजलेली असतात. माणसांमाणसांतले काही मोजलेले नसते. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदी पात्र सोडून बडोद्याच्या अनेक वस्त्यांत शिरली. मगरी रस्त्यांवर आल्या, आणि त्यांची छायाचित्रे देशभर गाजली. पण पाणी चढत असताना तळमजल्यावरचे कुटुंब कोणाच्या वरच्या मजल्यावर गेले? दूध, पिण्याचे पाणी, विजेऱ्या कोणी कोणाला दिल्या? ज्या वृद्धेचा मुलगा परदेशी, तिची चौकशी प्रथम कोणी केली: भाऊबंदाने, जातभाईने, शेजाऱ्याने की नाक्यावरच्या दुकानदाराने? उत्पन्नाच्या तक्त्यातून याचे उत्तर मिळणार नाही. जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या पुराने आपल्या सत्तरीत आणि डिचोलीत शेकडो घरांची पडझड झाली, तेव्हाही हेच प्रश्न होते, आणि तेही कोणी पद्धतशीर विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

हे प्रश्न विचारण्याचे एक शास्त्र आहे. त्याला सामाजिक जाळ्यांचे विश्लेषण म्हणतात. त्याचा फेसबुक-व्हॉट्सअॅपशी संबंध नंतरचा. शास्त्र त्याहून बरेच जुने. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारशाळेतून १९३२ सालच्या शरद ऋतूत दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. स्वभाव, बुद्धी, घरची परिस्थिती यांत कारण सापडेना. याकोब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने आणि हेलन जेनिंग्ज या त्याच्या सहकारी संशोधिकेने कोणत्या मुलीला कोणाबरोबर राहावयास आवडते, कोणाबरोबर नाही, हे विचारून कागदावर बिंदू आणि रेषा काढल्या. पळालेल्या मुली त्या रेषांनी एकमेकींना जोडलेल्या निघाल्या. पळून जाण्याची कल्पना एकीकडून दुसरीकडे त्या वाटेने गेली होती. मोरेनोचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि समाजमिती हा शब्द रूढ झाला.

वीस वर्षांनी इंग्रज मानवशास्त्रज्ञ जॉन बार्न्स नॉर्वेतील एका बेटावरील ब्रेम्नेस येथे गेला. तेथील माणसे शेती करीत आणि हेरिंग माशांच्या मोसमात नौकांवर जात. बार्न्सला दिसले की गावाला सीमा आहे, नौकेला तांडेल आहे. पण सोयरे, मित्र, ओळखीपाळखी यांचा जो विस्तार आहे, त्याला सीमाही नाही आणि प्रमुखही नाही. त्याला त्याने १९५४च्या निबंधात जाळे म्हटले. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र रापणीच्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर माणसांच्या हातांत असतात आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला असतो. बार्न्सच्या जाळ्याला टोक सापडत नाही. संशोधकाची पहिली अडचण तीच, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येऊ. १९५७ साली एलिझाबेथ बॉट या विदुषीने लंडनमधील वीस कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविले की, पतिपत्नींचे आप्तमित्र एकमेकांना जितके घट्ट ओळखतात, तितकी त्या घरात 'हे पुरुषाचे काम, हे बाईचे' ही वाटणी पक्की असते. केवळ वीस घरे. पण प्रश्न नेमका होता.

आता या पाश्चात्त्य नावांनी विद्यार्थ्याने दबून जाण्याचे कारण नाही, कारण बडोद्यालाच याची पूर्वपीठिका आहे. हंसाबाई मेहता कुलगुरू असताना, १९५१ साली, ऑक्सफर्डहून आलेल्या म. न. श्रीनिवास यांनी येथे समाजशास्त्र विभाग सुरू केला आणि १९५९ साली दिल्लीस जाईपर्यंत तो घडविला. धर्मग्रंथांत समाज कसा असावा असे लिहिले आहे, ही एक दृष्टी; गावात जाऊन तो कसा आहे हे पाहणे, ही दुसरी. श्रीनिवासांनी दुसरीचा आग्रह धरला. त्यांचे सहकारी आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील महुवा गावातील कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ साली ग्रंथरूपाने आला. त्या काळी जनगणनेतील लहान घरांचे आकडे दाखवून एकत्र कुटुंब मोडले, असा निर्वाळा विद्वान देत असत. देसायांनी विचारले की, चूल वेगळी झाली म्हणजे घर वेगळे झाले काय? मालमत्ता सामाईक आहे का, अडीनडीला पैसा कोण पाठवतो, लग्नमुंजीत, आजारपणात, मरणात कोण उभे राहते? छपराखाली किती डोकी आहेत, एवढ्यावर एकत्रपणा ठरत नाही. तो संबंधांवर ठरतो. मुंबईत नोकरी, पोटाला वेगळी चूल, आणि चवथीला न चुकता गावच्या घरी माटोळी बांधण्यास हजर, अशी कुटुंबे पाहिलेल्या गोमंतकीयाला देसायांचे म्हणणे पटवून द्यावे लागणार नाही. पण जनगणनेच्या तक्त्यात ही दोन घरेच. बडोद्याचेच विद्यार्थी अ. म. शाह यांनी पुढे खेडा जिल्ह्यातील राधवणज गावाच्या आधारे घर आणि कुटुंब यांतला हा भेद आणखी काटेकोर केला. तो ग्रंथ १९७३चा. याच शाहांनी आर. जी. श्रॉफ यांच्यासह १९५८ साली गुजरातेतील वहीवंचा बारोटांवर निबंध लिहिला. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारे हे लोक. वहीत नाव चढले की नाते मान्य, न चढले की वादास तोंड. जाळ्याची नोंद ठेवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही.

जाळे हा शब्द श्रीनिवासांनी उघडपणे घेतला तो दिल्लीस गेल्यावर. १९६४ साली 'मॅन' या नियतकालिकात त्यांनी आणि आंद्रे बेतेय यांनी भारतीय समाजरचनेतील जाळ्यांवर एक छोटा निबंध लिहिला. जात, गाव, कुळ या बंदिस्त गटांची वर्णने पुष्कळ झाली. एकेक माणूस या कुंपणांवरून कोठे कोठे हात पोहोचवतो, तेही पाहिले पाहिजे, असे त्याचे सार. त्याच दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावतीबाई कर्वे व प्रा. दामले यांचा ग्रामसमाजातील गटसंबंधांवरचा अभ्यास बाहेर पडला होता, आणि एड्रियन मेयर देवास येथे बसून नगरपालिकेची १९६१ची निवडणूक पाहत होता. देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे, आणि तेव्हा कुमार गंधर्वांचे गाव. एका उमेदवारापासून मतदारापर्यंत मते कोणकोणत्या माणसांच्या हातून गेली, कोठे नात्याचा दुवा, कोठे जातीचा, कोठे धंद्याचा, कोठे तालमीतल्या कुस्तीचा, याचा नकाशा मेयरने १९६६ साली छापला. आमच्याकडील पंचायत निवडणुकीतला कोणताही मुरलेला कार्यकर्ता हा नकाशा तोंडपाठ सांगेल. फरक एवढाच की तो कागदावर उतरवीत नाही, आणि न उतरवण्यात त्याचे हित असते.

असो. हा वारसा असताना विद्यार्थ्याचा आराखडा फसतो कोठे, हे पाहू.

पहिला खड्डा नमुन्याचा. दहांतून एक घर चिठ्ठ्या टाकून निवडावे, ही शिकवण उत्पन्न मोजण्यास उत्तम. जाळे मोजण्यास घातक. एखाद्या नात्याची दोन टोके म्हणजे दोन घरे. प्रत्येक घर नमुन्यात येण्याची शक्यता दहांत एक, तर दोन्ही घरे येण्याची शक्यता शंभरांत सुमारे एक. म्हणजे वस्तीतील शंभर नात्यांपैकी एखादेच हाती लागते, आणि विद्यार्थी निष्कर्ष काढतो की येथे कोणी कोणाला विचारीत नाही! तेव्हा एक तर लहान वस्ती घ्यावी आणि तीतले प्रत्येक घर गाठावे, नाही तर निवडलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या आप्तमित्रांविषयी आणि त्या आप्तमित्रांच्या परस्पर ओळखीविषयी विचारून त्याच्यापुरते जाळे रेखाटावे. दोन्ही मार्ग मान्य आहेत, पण कोणता घेतला हे पहिल्याच पानावर लिहिले पाहिजे. साठ घरांची वस्ती घेतली तर जोड्या होतात १,७७०. एक घर नाही म्हणाले तर एकच उत्तर गेले असे होत नाही. त्या घराकडून कळावयाच्या एकोणसाठ जोड्यांची एक बाजू आंधळी होते. सुट्टीचे दोन महिने हातात असलेल्या मुलाने पाचशे घरांचा संकल्प सोडण्यापूर्वी हा गुणाकार करावा, आणि त्याने केला नाही तर मार्गदर्शकाने करावा.

दुसरी अडचण सीमेची. फतेगंजच्या एका गल्लीत पुराच्या मदतीचा अभ्यास करावयाचा, तर गल्लीच्या टोकाला थांबावयाचे काय? मदत कदाचित नदीपलीकडच्या मावसभावाकडून आली असेल, भाड्याच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला कदाचित त्याच्या गावच्या मंडळींनी फोनवरून सोडविले असेल. आयती यादी हाती लागली की मोह होतो. गोमंतकात देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या आहेत. १८८६ आणि १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीने त्यांना कायद्याचे रूप दिले. सोळाव्या शतकात देव अंत्रुजेत हलले, कुळावी देशभर पांगले, तरी यादीत नाव आहे तोवर माणूस त्या देवाच्या मांडाशी जोडलेला. जाळ्याच्या अभ्यासकाला याहून मोलाचे साधन कोणते? परंतु या याद्यांत परंपरेने पुरुषांची वंशपरंपरा धरलेली. घरातल्या मुली आणि सुना त्यांत नाहीत, आणि पालखीला खांदा देणारे, दिवट्या धरणारे, वाजप वाजवणारे सेवेकरीही नाहीत. ही यादी घेऊन कोणी जत्रेच्या व्यवस्थेचा अभ्यास केला, तर जत्रा ज्यांच्या श्रमांवर उभी राहते तेच गायब होतील. सीमा कोठेतरी ओढावीच लागते. ती कोणी ओढली, कोणाला बाहेर ठेवले, आणि आपल्या प्रश्नाला ते चालते का, एवढे आराखड्यात यावे.

पण खरा कस लागतो तो विचारण्याच्या एका वाक्यात. 'तुमचे जवळचे मित्र कोण?' या प्रश्नाला सभ्य माणूस सभ्य उत्तर देतो आणि त्यातून काही निघत नाही. कर्नाटकातील ७५ खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन यांच्या चमूने विचारले ते असे: तांदूळ किंवा घासलेट उसने कोणाकडून आणता? पैसे कोणाकडे मागता? घरी कोण येते-जाते? देवळात कोणाबरोबर जाता? त्यांतल्या ४३ खेड्यांत पुढे एक लघुकर्ज संस्था आली, आणि कर्जाची वार्ता प्रथम ज्यांना दिली ती माणसे जाळ्यात कोठे बसलेली आहेत, यावर किती घरांनी कर्ज घेतले ते बरेच अवलंबून राहिले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्याच मंडळींना आढळले की, गावात वार्ता चांगली कोण पसरवील, हे गावकऱ्यांनाच सरळ विचारले तरी ते योग्य माणसांची नावे सांगतात. पाणवठ्यावरचा आणि पिंपळाच्या पारावरचा अनुभव शास्त्राने २०१९ साली मान्य केला, असे म्हणावयाचे.

उसन्या तांदळाचा प्रश्न आणि नोकरीचा प्रश्न यांतून मात्र निरनिराळी जाळी बाहेर पडतात. मार्क ग्रॅनोव्हेटर याने बॉस्टनच्या एका उपनगरातील नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, तेव्हा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठ पडे, असे सहांत एकच निघाले. बहुतेकांना खबर मिळाली ती क्वचित भेटणाऱ्या परिचिताकडून. कारण उघड आहे: रोजच्या मित्राला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. १९७३ साली गाजलेला हा निबंध त्याआधी, १९६९ साली, एका मान्यवर नियतकालिकाने परत पाठविला होता. आराखडा नामंजूर झालेल्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवण्यास हरकत नाही. तेव्हा पुराच्या रात्रीचा अभ्यास असेल तर 'त्या रात्री कोणाचे दार ठोठावले?' हेच विचारावे, आणि पाठोपाठ 'तुमचे दार कोणी ठोठावले?' हेही. दोन उत्तरे जुळतात की नाही, हे पाहण्यातच निम्मा प्रबंध आहे. मदत दिलेली लोकांना आठवते, घेतलेली पुष्कळदा आठवत नाही.

संगणकाबद्दल थोडक्यात. गेफी आणि पायेक या आज्ञावल्या विद्यार्थ्याला फुकट मिळतात. स्लोव्हेनियन भाषेत पायेक म्हणजे कोळी. जाळे विणणारा, मासे धरणारा नव्हे. पंधरा मिनिटांत पडद्यावर असे देखणे चित्र उमटते की परीक्षकही भारावतो. पण मध्यभागी आलेला ठळक बिंदू हा गावचा पुढारी असेल, सावकार असेल किंवा ज्याच्याकडे फिरती शिडी आहे असा रंगारी असेल. ते चित्र सांगत नाही. त्यासाठी पुन्हा गल्लीत जाऊन बसावे लागते.

राहिला तो प्रश्न, ज्याला आजच्या आराखड्यांत 'उत्तरे गोपनीय ठेवली जातील' या एका ओळीवर वाटेला लावले जाते. साध्या सर्वेक्षणात माणूस स्वतःविषयी बोलतो आणि संमती त्याचीच असते. येथे तो दुसऱ्यांची नावे सांगतो. ज्या बाईने मुलाखत नाकारली तिचे नावही तीन शेजारणींच्या उत्तरांतून कागदावर येते: हिने कोणाकडून पैसे घेतले, ही कोणाकडे जात नाही. नाव पुसून क्रमांक घातला तरी साठ घरांच्या वस्तीत सात रेषांचा बिंदू कोण, हे शेजारी चटकन ओळखतात. बडोद्यासारख्या नगरीत याला आणखी धार आहे. १९९१च्या अशांत क्षेत्र कायद्यामुळे शहराच्या काही भागांत घर कोणी कोणाला विकावे यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशा ठिकाणी कोणत्या हिंदू घराने कोणत्या मुसलमान घराला पुरात आसरा दिला, किंवा कोणत्या मुसलमान घराने हिंदूला, याची यादी सद्भावनेच्या सभेत टाळ्या मिळवील. तीच यादी दंगलीच्या दिवशी भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, याचा विचार विद्यार्थ्याने आराखडा लिहितानाच केला पाहिजे. ज्या मार्गदर्शकाने तो करून घेतला नाही, त्याने त्या आराखड्यावर सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरे नव्हे तर गल्ल्या दाखवाव्यात, कर्जाच्या रेषा छापू नयेत, ज्यांनी भाग घेण्यास नकार दिला त्यांचे बिंदू काढून टाकावेत आणि चित्र त्यामुळे अपुरे राहिले असे लिहावे. अपुऱ्या चित्राचे गुण परीक्षकाने कापू नयेत.

श्रीनिवासांचे उदाहरण कागदपत्रे सांभाळण्याच्या बाबतीतही आठवते. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे त्यांच्या कार्यालयाला आग लावली गेली, आणि म्हैसूरकडील रामपुरा गावाच्या टिपणांच्या संस्कारित प्रती, तिन्हीच्या तिन्ही, जळाल्या. मूळ वह्या दिल्लीस राहिल्या होत्या. पण १९७६चा त्यांचा प्रख्यात ग्रंथ उतरला तो स्मरणातून. तिन्ही प्रती एकाच ठिकाणी असल्याने हे ओढवले. विद्यार्थ्याने एक प्रत दुसरीकडे ठेवावी हे तर झालेच. जाळ्याच्या अभ्यासकाने मात्र नावांची वही आणि क्रमांकांची वही एका कपाटात ठेवू नये. कोणती वही कोणाच्या ताब्यात राहील, तिची किल्ली कोणाकडे, आणि पदवी मिळाल्यावर नावांची वही कोणत्या महिन्यात कोणाच्या देखत नष्ट केली जाईल, हे आराखड्याच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहावे.